बोलण्याच्या रेकॉर्डिंगवरून श्वासाचा त्रास कॉम्प्युटरला ओळखता येतो का?

तुमच्या वडिलांना सीओपीडी (फुफ्फुसांचा दीर्घकाळ चालणारा, श्वास अडवणारा आजार) आहे, ते लांब राहतात, आणि फोनवरच्या बोलण्यावरून त्यांचा श्वास बिघडतोय हे कॉम्प्युटरला कळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण काही वर्षं अशाच रेकॉर्डिंगवर काम करतोय. बिघाडाची चाहूल लागू शकते. मात्र एका रेकॉर्डिंगवरून आजार सांगतो म्हणणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नका.

बोलताना आपण झटकन श्वास आत ओढतो आणि तो हळूहळू सोडत त्यावर अख्खं वाक्य बोलतो. धाप लागली की हे जमेनासं होतं. एका श्वासात किती शब्द झाले, दोन श्वासांत किती सेकंद गेले, आवाज किती थरथरला, हे सगळं कॉम्प्युटर मोजतो. पण माझ्या मते सगळ्यांत जास्त कळतं ते श्वास कुठे घेतला यावरून. बरं असताना माणूस 'काल रात्री मला झोपच लागली नाही' हे एका दमात बोलतो आणि मग श्वास घेतो. त्रास वाढला की तेच 'काल रात्री... मला झोपच... लागली नाही' असं तुटत येतं. आवाजाचा आलेख उघडला की स्वरांच्या जागी एकावर एक आखलेले पट्टे दिसतात आणि श्वासाच्या जागी नुसता धुरकट डाग. असे हजारो डाग मी हाताने खुणा करून वेगळे काढलेत.

नेमका इथेच फोन घात करतो. कॉलमधला गोंगाट कमी करणारी यंत्रणा श्वासालाही गोंगाट समजते आणि पुसून टाकते. म्हणून कॉल रेकॉर्ड करू नका. वडिलांना रोज ठरलेल्या वेळी, फोन तेवढ्याच अंतरावर ठेवून, तोच परिच्छेद साध्या रेकॉर्डरवर वाचायला सांगा.

तोच माणूस, तोच परिच्छेद, असा आग्रह का, तेही सांगतो. कोविड आवाजावरून ओळखता येतो का, हे ब्रिटनमध्ये 67 हजारांहून जास्त लोकांच्या रेकॉर्डिंगवर तपासलं गेलं. निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मोजपट्टीवर 0.5 म्हणजे निव्वळ अंदाज, तिच्यावर आधी 0.85 आले. मग वय, लिंग, लक्षणं सारखी असलेलेच लोक एकमेकांसमोर ठेवले, तर आकडा 0.62 वर घसरला. अनोळखी माणसांची तुलना अशी फसवते. वडिलांच्या आजच्या आवाजाची त्यांच्याच बऱ्या दिवसांतल्या आवाजाशी तुलना केली, तर यातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप सारख्या राहतात. सर्दी झाली असेल तर तेवढी नोंद ठेवा, कारण तिनेही आवाज बदलतो.

दोन-तीन दिवस वाक्यं जास्त तुटताना दिसली तर ती रेकॉर्डिंग घेऊन डॉक्टरांशी बोला. आणि एकेका शब्दाला थांबावं लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर रेकॉर्डिंग राहू द्या, त्यांना लगेच रुग्णालयात हलवा.