आज्जीचं पिंप आणि उद्याची काळजी

प्रिय चिमणे,

तुझा व्हॉइस मेसेज मी ड्यूटी संपवून घरी येताना बसमध्ये ऐकला आणि इतकी हसले की शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. तू म्हणालीस, "मम्मी, आज्जी रोज रात्री प्रार्थनेत म्हणते, प्रभू, उद्याची काळजी तुझ्यावर टाकते. आणि पहाटे पाणी आलं की पिंप, घागरी, बादल्या, प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवते. मग तिचा देवावर विश्वास आहे की नाही? आणि हे सगळं मराठी आहे की ख्रिश्चन?"

हसले ते कुकरला. बाकीच्या प्रश्नावर मिरजेला नर्सिंग शिकताना आम्ही मुली हॉस्टेलात मध्यरात्रीपर्यंत भांडायचो, म्हणून फोनवर दोन वाक्यांत उरकत नाही. आबा चौकातून प्रिंट काढून आणतील. मोठ्याने वाच, म्हणजे आज्जीलाही कळेल मी तिच्याबद्दल काय काय लिहिलंय.

आधी पाण्याचं. सोलापूरला उजनी धरणाचं पाणी येतं. भीमेवरचं हे धरण चांगलं 117 टीएमसीचं, म्हणजे 117 अब्ज घनफूट पाण्याचं आहे, पण शहरापासून शंभरावर किलोमीटर लांब. आणि आपल्या गल्लीतला नळ येतो काही दिवसांआड, कधी पहाटे, कधी रात्री अकराला. का, ते आबांना विचार. फक्त जेवायला बसताना विचारू नकोस, भाकरी गार होईल तरी त्यांचं संपणार नाही. इथे आयर्लंडात कॉर्कला नळ सोडला की पाणी येतं, त्यामुळे पाणी भरणं हे एक काम असतं हेच तुला माहीत नव्हतं. तुझ्या प्रश्नाचा निम्मा भाग तिथून आलाय.

उरलेला निम्मा खरा आहे. "उद्याची चिंता करू नका" हे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, मत्तयच्या सहाव्या अध्यायात. आता साठवण्याबद्दल बायबलमध्ये काय काय आहे बघ. उत्पत्तीत योसेफ सुकाळाची सात वर्षं मिसर देशात धान्याची कोठारं भरून घेतो, आणि दुष्काळात त्यावर मिसर तर जगतंच, पण त्याला विकून टाकणारे त्याचे भाऊही जगतात. (ते धान्य त्याने लोकांना फुकट दिलं नाही, विकलं, असंही तिथेच लिहिलंय. त्यावर कधीतरी वेगळं बोलू.) निर्गमात मात्र रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, पडतो आणि तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे होतात. पण शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी तोच मान्ना दुप्पट गोळा करायचा असतो, आणि त्या रात्री त्याला काही होत नाही. शिवाय लूकच्या बाराव्या अध्यायात एक श्रीमंत शेतकरी आहे. तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघतो आणि स्वतःच्याच जिवाला सांगतो, आता खा, पी, मजा कर. त्याला देव मूर्ख म्हणतो. धान्य योसेफानेही भरलं आणि यानेही. याच्या डोक्यात खाणारं तोंड फक्त स्वतःचं होतं.

म्हणून आज्जी किती भरते ते मोजू नकोस. पिंपाचं झाकण कोणाकोणासाठी उघडतं ते आठवडाभर बघ. शेजारच्या अक्का विड्या वळतात. पानं आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला त्यांना जावं लागतं, नेमकं तेव्हाच पाणी आलं तर त्यांची भांडी कोरडी राहतात. मग त्या दारात येऊन तेलुगूत काहीतरी बोलतात, आज्जी मराठीत काहीतरी बोलते, आणि कळशी भरून जाते. परत पाणी कधी येणार याचा हिशेब आज्जी त्या वेळी करत नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, आपल्याला कमी पडलं तर? ती म्हणाली, "मग अक्काकडं जायचं की. त्यात काय."

यामागे एक जुनी गोष्ट आहे, ती आज्जी स्वतःहून सांगायची नाही. तिची आजी, म्हणजे माझी पणजी, बार्शीकडच्या एका खेड्यातली. गावविहिरीवर चढायची आपल्या लोकांना मुभा नव्हती. घागर खाली ठेवायची आणि वर पाणी शेंदणाऱ्या एखाद्या बाईला दया येईपर्यंत उन्हात थांबायचं. ती वरून ओतणार, इकडचं भांडं तिकडच्या भांड्याला लागणार नाही इतक्या उंचीवरून. अर्धं पाणी जमिनीवर जायचं. सोलापूर-नगर भागातल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांची मुळं अशी महारवाड्यात नाहीतर मांगवाड्यात आहेत. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत आपली माणसं पाटीवर अक्षरं काढायला शिकली, तिथेच बायबल ऐकलं, पुढे बाप्तिस्मा घेतला. विहीर काही त्यामुळे उघडली नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा पणजी तरुण होती, आणि तिच्या गावात अजून घागर खालीच ठेवायची होती.

योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी एका विहिरीपाशी दमून बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, म्हणून ती चकित होते. त्याच्याकडे पोहरासुद्धा नसतो. आमच्या इंग्रजी प्रार्थनागटात या अध्यायावर एक बाई फार विद्वत्तेने बोलली, त्या काळच्या चालीरीती समजावून सांगितल्या. पणजीला कोणी काही समजावून सांगावं लागलं नसणार. देव तिच्यासारखीच्या घागरीतलं पाणी मागतो, एवढं ऐकल्यावर ती तिथेच बसली असेल. आपल्या दारात भांडं घेऊन आलेल्या माणसाला आज्जी थांबायला लावत नाही, हे तिकडून आलंय.

तू विचारलंस मराठी की ख्रिश्चन. मला ते सुटं करता येत नाही. रात्री आबा पेटीवर जी भजनं धरतात त्यातली बरीचशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. ते 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं म्हणायचे. म्हणून तुला ती गाणी देवळातल्यासारखी वाटली, तुझा कान बरोबर आहे. आषाढात शेगावची पालखी सोलापुरातून पंढरपूरकडे जाते तेव्हा आज्जी अक्कांबरोबर रस्त्यावर पाण्याचा हंडा घेऊन उभी असते. चर्चच्या मंडळीतल्या एकांनी तिला त्यावरून टोकलं होतं. ती म्हणाली, "तहान लागलीय त्यांना, मी काय आरती करायला गेले नाही." ते गृहस्थ पुढे काही बोलले नाहीत. ती बोलायला लागली की पाळकसाहेबही जरा जपून असतात.

आता एक अवघड भाग. विश्वास ठेवला की मागितलेलं मिळतं, असं तुला कोणी तिथे सांगितलं तर मान हलवून गप्प बस, पण मनावर घेऊ नकोस. आबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. घरी प्रार्थना झाली, चर्चमध्ये झाली, महिला मंडळाने उपास धरले. गिरणी उघडली नाही. आबा एका टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीचे राखणदार झाले, आज्जीने ब्लाऊज शिवायला घेतले. आणि तरीही महिन्याच्या पहिल्या रविवारी दशमांशाचं, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला द्यायचं, पाकीट निघायचंच. सहलीला पैसे नाहीत आणि पाकिटात मात्र आहेत, यावरून मी घरात केवढी आदळआपट केली होती! ते पाकीट मला आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या दिवसांत आज्जीला रात्री झोप लागायची. मी आता वॉर्डात रोज बघते, ज्यांच्याकडे पैसा आहे, विमा आहे, बाजूला दोन मुलं बसलेली आहेत, त्यांनाही पहाटे तीनला डोळा लागत नाही. त्यामुळे त्या झोपेला मी हलकं समजत नाही.

गोळ्यांचंही तसंच. आज्जी बीपीची गोळी हातात घेऊन डोळे मिटते आणि मग गिळते, ते तू पाहिलं असशील. "देव बरं करणार, औषध कशाला" म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत, आणि त्यांच्याशी बोलताना माझा आवाज चढतो. हिज्कीया राजा मरायला टेकला होता. त्याने प्रार्थना केली, देवाने आयुष्य वाढवून देतो म्हटलं, आणि तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. लूक तर वैद्यच होता. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असंही लिहिलंय, पण ते वचन आबांसमोर वाचू नकोस.

तू इथे परत येताना पुण्यापर्यंत हुतात्मा एक्सप्रेसने येशील. दौंड सोडलं की थोड्या वेळाने केडगाव लागतं, गाडी तिथे थांबली नाही तरी पाटी बघून ठेव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली त्यांनी तिथे आणल्या. उद्या एवढ्या जणींना काय घालणार याचं उत्तर त्या देवाकडे मागायच्या, आणि दिवसा विहिरी खणून घ्यायच्या, शेत लावायच्या, मुलींना छापखान्यातली कामं शिकवायच्या. मराठी बायबलचं स्वतःचं भाषांतरही त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं. त्यांनी जर नुसती प्रार्थनाच केली असती, किंवा नुसत्या विहिरीच खणल्या असत्या, तर काय झालं असतं, हा प्रश्न आबांना विचार. हा जेवतानाही चालेल.

आज्जी फोनवर सांगत होती की या रविवारी उपासनेत तुला वचन वाचायला लावणार आहेत. तुला निवडायला दिलं तर नहेम्याचा चौथा अध्याय घे. लोक यरुशलेमची पडकी भिंत बांधतायत, शत्रू टपलेत, आणि नहेम्या सांगतो की आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. दोन्ही एकाच वाक्यात आहे, मध्ये "पण" नाही. त्या शत्रूंतल्या सनबल्लटाचं नाव तुझ्या जिभेवर बसायला वेळ लागेल, शनिवारी आबांकडून दोनदा म्हणवून घे. फ्रॉक इस्त्री करून ठेव, चप्पल नको, बूट घाल. आणि पाणी आलं तर आज्जीच्या आधी ऊठ, तिच्या गुडघ्यांना घागर उचलवत नाही आता.

तुझी,
मम्मी