पहिली रात्र पक्की करा : आपलं आपण फिरणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की टूर कंपनीशिवाय परदेशात जायचं म्हटलं की नेमकं कुठं अडतं, तर नागपुरातूनच इतकी पत्रं नि मेसेज आले की सगळे घेणं शक्य नाही. वाचताना एक गोष्ट लक्षात आली, लोकांना पंधरा दिवसांची भीती नाहीये, भीती आहे ती विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या काही तासांची. मी चौदा वर्षं असंच फिरतेय, बरेचदा एकटी, आणि माझाही अनुभव हाच आहे की पहिली रात्र नीट बांधलेली असली की पुढे चुका झाल्या तरी त्या झेपतात. म्हणून यावेळी तसेच प्रश्न निवडलेत.

प्रश्न : आम्ही दोघंही रिटायर्ड शिक्षक, मी ६३ आणि ही ५९, प्रतापनगरला राहतो. दिवाळी झाली की व्हिएतनामला जायचं ठरवून राहिलो. टूरवाले सहा दिवसांत सगळा देश पळवून आणतात, ते आम्हाला नको आहे. पण पूर्ण शाकाहारी आहोत, इंग्रजी कामापुरतं, आणि मुलगा म्हणतो तुम्हाला दोघांना जमणार नाही. जमेल का जी?

जमेल काका, पण दिवाळीनंतर लगेच नका जाऊ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात जोराचा पाऊस असतो, होई आन तर नदीकाठचं गाव, नदी फुगली की जुन्या गल्ल्यांमध्ये पाणी शिरतं आणि लोक रस्त्यातून होडीनं फिरतात. फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल हा काळ धरा. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी त्यांचं नवं वर्ष येतं, टेट म्हणतात, तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या फुल्ल, अगदी आपल्याकडच्या दिवाळीसारखा सगळा देश गावी निघालेला असतो, ते दिवस टाळा.

व्हिसा घरबसल्या होतो. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या आणि तिप्पट पैसे घेणाऱ्या साइट्स भरपूर आहेत, पत्त्याच्या शेवटी gov.vn आहे का ते बघूनच पैसे भरा. आणि नावाचं बघा, आपल्या मराठी लोकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते अर्जात गाळू नका, पासपोर्टवर जसं छापलंय तसंच्या तसं, त्याच क्रमानं भरा. पासपोर्ट पोचायच्या तारखेपासून किमान सहा महिने चालणारा हवा, काकूंचा वेगळा तपासा, घरात एकाचा बघतात आणि दुसऱ्याचा राहून जातो.

आता विमान. नागपूरहून मुंबई, दिल्ली किंवा कोलकात्याला जाऊन पुढे जावं लागेल, तर सगळं एकाच बुकिंगमध्ये घ्या. हे इतकं जोर देऊन सांगतेय कारण एका डिसेंबरात मी स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, दिल्लीत धुकं होतं, नागपूरचं विमान चार तास उशिरा सुटलं आणि पुढचं आंतरराष्ट्रीय विमान निघून गेलं. वेगळी तिकिटं असली की दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी नसते, पूर्ण पैसे गेले, आणि रात्रभर खुर्चीवर बसून मी नवीन तिकीट शोधत होते. वेगळी काढायचीच असली तर मध्ये एक रात्र मुक्काम ठेवा.

हनोईत पहिल्या दोन रात्री जुन्या भागात, होआन कीम तलावाच्या आसपास हॉटेल घ्या आणि न्यायला गाडी पाठवायला त्यांनाच सांगा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. हॉटेलचं नाव, पत्ता, फोन व्हिएतनामी भाषेत कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा, फक्त मोबाईलवर नको. दुसऱ्या दिवसापासून ग्रॅब नावाचं ॲप वापरा, आपल्या ओला-उबरसारखंच, भाडं आधीच दिसतं त्यामुळे बोलायची गरजच पडत नाही.

पैशांत एकच गोष्ट घोकून ठेवा. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाचीही निळी. हो, पाच लाख डाँग, तिकडचे आकडे असेच मोठे असतात. घाईत, अंधारात, ऑटोवाल्यासारखा कोणी घाई करत असताना वीस हजार समजून पाच लाख दिले जातात, पंचवीस पट! पाच लाखाच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवायच्या.

जेवणाचं मात्र बिलकुल टेन्शन घेऊ नका. तिकडे बौद्ध परंपरेमुळे शाकाहाराला स्वतःचा शब्द आहे, ऐकायला आपल्या चहाच्या ‘चाय’सारखाच, आणि ‘कॉम चाय’ अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात, म्हणजे शाकाहारी भात-भाजीचं दुकान. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, तिकडचे बरेच लोक मांस खात नाहीत, तेव्हा तर अजून पर्याय मिळतात. साध्या हॉटेलात मात्र ‘नो मीट’ म्हटलं तरी माशाचा सॉस पडतोच, तो त्यांना मीठासारखा वाटतो, त्यात फसवणूक नसते. म्हणून ‘नो मीट’पेक्षा ‘चाय’ हा शब्द उपयोगी.

आणि मार्ग असा करा, हनोईत चार रात्री, मग रात्रीच्या ट्रेननं हुए, चार बर्थचा डबा घ्या, आपल्या एसी फर्स्टची आठवण येईल. हुएला न्विएन राजांचा किल्ला आहे, दोन रात्री पुरे. तिथून दा नांगला दिवसाची गाडी घ्या, अडीच-तीन तासांचाच प्रवास पण हाय वान घाटात गाडी समुद्राच्या अगदी कडेनं वळणं घेत जाते, खिडकी सोडवत नाही. हनोई ते सायगाव (आताचं हो ची मिन्ह सिटी) ही १,७२६ किलोमीटरची लाइन १९३६ मध्ये पूर्ण झाली, त्यातला सगळ्यात सुंदर तुकडा हाच. मग होई आन चार रात्री, आणि तिथून तासाभरावर ‘मी सन’ नावाची जुन्या देवळांची जागा. काका तुम्ही शिक्षक आहात म्हणून हे खास सांगतेय, चंपा नावाच्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात तिथे शिवमंदिरं बांधली, देवाचं नाव भद्रेश्वर, १९९९ पासून ते जागतिक वारसा आहे. आणि तिथल्या मंदिरांची डागडुजी आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानं केली, २०२० मध्ये काम चालू असताना एका सलग दगडाचं शिवलिंग सापडलं. जंगलातल्या लाल विटांसमोर उभं राहून मला आपलं रामटेक आठवलं होतं. सकाळी लवकर जा, दहानंतर बसेस येतात.

मुलाला सांगा, रोज रात्री एक मेसेज येईल. तेवढं पुरतं.

प्रश्न : महालमधून लिहितेय. बहीण दुबईला असते, तिला सावजी मसाला आणि संत्रा बर्फी हवी, घेऊन जाऊ ना?

मसाल्याच्या पुडीत खसखस आहे का ते आधी बघा. सावजीत ती बहुतेक असतेच, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायला पूर्ण बंदी आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून. हे हसण्यावारी नेऊ नका, विमानतळावर फार त्रास होऊ शकतो. बिनखसखशीचा मसाला करून न्या, खोबरं, धणे, दगडफूल, मिरे सगळं चालतं. खोकल्याची किंवा दुखण्याची औषधं नेत असाल तर कोडीन आणि ट्रामाडॉल असलेली तिकडे नियंत्रित आहेत, परवानगीशिवाय नेऊ नका. बर्फी दुबईला न्या, पण तीच खव्याची बर्फी युरोपला नेता येत नाही, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे.

प्रश्न : इतवारीत राहतो. मे महिन्यात आम्ही चौघं, मुलं १४ आणि ९ वर्षांची. १२ दिवसांत पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम बसवलंय. व्हिसा कुठल्या देशाचा घ्यायचा?

व्हिसाचं आधी सांगते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम असा की जिथे सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज, सारख्याच रात्री असतील तर जिथून आत शिरणार तिथे. तुमच्या प्लॅनमध्ये जवळपास सगळीकडे दोन-दोन रात्री आहेत त्यामुळे हा गोंधळ होतोय, पण व्हेनिस आणि रोम दोन्ही इटलीत, म्हणजे सगळ्यात जास्त रात्री तिथेच, अर्ज इटलीकडे. फी मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते ११ वयाच्यांना ४५, म्हणजे तुमचे ३१५ युरो, व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा हवा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि अगदी उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण मे म्हणजे सगळ्या शाळांच्या सुट्ट्या, अपॉइंटमेंटच मिळत नाही, जानेवारी-फेब्रुवारीतच लागा. बोटांचे ठसे द्यायला सेंटरवर जावं लागतं, बारा वर्षांखालच्यांचे घेत नाहीत.

पण दादा, खरं सांगू का, हा प्लॅन बदला. एक शहर बदलायचं म्हणजे बॅग भरा, हॉटेल सोडा, स्टेशन गाठा, गाडी, मग नवीन शहरात मुलांना घेऊन हॉटेल शोधा, अर्धा दिवस तर नक्कीच जातो आणि लांबचं अंतर असलं की पूर्ण. सहा ठिकाणं म्हणजे पाच वेळा हे. बारातले तीन-चार दिवस सामान ओढण्यात जाणार, आणि नऊ वर्षांच्या मुलाला काय आठवेल, स्टेशनं.

एकच देश करा, इटली. रोम पाच रात्री, फ्लॉरेन्स तीन, व्हेनिस तीन. रोमला उतरा आणि व्हेनिसहून परत या, म्हणजे उलटं यावं लागत नाही. रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेननं दीड तास, तिथून व्हेनिस सव्वादोनच्या आसपास. व्हिसाची फाईलही एकदम सरळ होते. कोलोसियमची तिकिटं नावानिशी आणि वेळेनुसार असतात, ती आधीच ऑनलाइन काढा, दारावर भरवसा ठेवू नका. रोममध्ये पाणी विकत घेऊ नका, रस्त्यारस्त्यांवर अडीच हजारांच्या आसपास नळ आहेत, सतत वाहणारे, प्यायचं गार पाणी, मुलं त्यातच रमतील. इटलीतल्या बऱ्याच हॉटेलांत बसून खाल्लं की बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लागतो, तो टेबलावर बसायचा चार्ज आहे, भांडू नका. आणि मेट्रोत पाकीट पुढच्या खिशात, दार उघडायच्या वेळी धक्काबुक्की झाली की आधी खिसा धरायचा.

प्रश्न : तिकडे ओटीपी कसा येतो? आणि पॉवर बँक किती मोठी चालते?

इथलं सिम काढून फेकू नका, दुसऱ्या स्लॉटमध्ये राहू द्या, रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्या, एसएमएस येतात, डेटा मात्र बंद ठेवा आणि तिथलं सिम किंवा ई-सिम वापरा. कार्डाचं परदेशातलं वापरणं बँका मुळातच बंद ठेवतात, रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे, ते ॲपमधून घरीच सुरू करा. मशीनवर ‘रुपयात देणार की इथल्या चलनात’ असं विचारलं तर त्या देशाच्या चलनात सांगा, रुपयात घेतलं की दर वाईट लागतो. दोन कार्डं दोन वेगळ्या बॅगांत. पॉवर बँक १०० वॉट-अवरपर्यंत चालते, वीस हजार एमएएचची साधारण ७४ होते, ती नेहमी हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनमध्ये टाकली तर काढायला लावतात.

प्रश्न : मी २६ वर्षांची, मनीषनगर. ऑफिसच्या सुट्टीत एकटीच थायलंडला जायचंय, बँकॉक आणि चियांग माई, हॉस्टेलमध्ये राहून. आईबाबा म्हणतात हॉस्टेल म्हणजे लॉज, मुलींनी राहायची जागा नाही. काय सांगू त्यांना?

बाळा, त्यांची काळजी खोटी नाहीये, म्हणून आधी तिला मान दे. मग त्यांना हे सांग की हॉस्टेलची कल्पना एका जर्मन शिक्षकाची, रिचर्ड शिरमान, शाळेतल्या मुलांना पायी सहलीला न्यायचे आणि रात्री मुक्कामाला स्वस्त जागा मिळायची नाही, म्हणून त्यांनी १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल सुरू केलं. आज बऱ्याच हॉस्टेलांत मुलींची वेगळी डॉर्म, म्हणजे बऱ्याच पलंगांची खोली, असते, कार्डानं उघडणारं दार, प्रत्येकीला लॉकर, कुलूप आपलं न्यायचं. बुक करताना फक्त एकट्या बायकांनी लिहिलेले अनुभव वाच, आणि रिसेप्शन चोवीस तास असेल तेच घे. बाबांना फोटो आणि पत्ता दाखव, त्यांच्यासमोर बुक कर. माझ्या बाबांना मी असंच बसवलं होतं, तेव्हा कुठे ते शांत झाले.

विमान दिवसा उतरणारं निवड, हजार रुपये जास्त पडले तरी. व्हिसाचा नियम गेल्या काही वर्षांत बरेचदा बदललाय, तो जायच्या महिनाभर आधी थाई दूतावासाच्या साइटवर बघ. डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर साइट चुकली. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, सेव्ह कर. स्कूटर भाड्यानं घ्यायचा विचार असेल तर इथूनच आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढ आणि त्यात टू-व्हीलर आहे ना बघ, नसेल तर अपघात झाला की इन्शुरन्सवाले हात वर करतात. पासपोर्ट कधीही स्कूटरवाल्याकडे ठेवायला देऊ नको.

बँकॉकहून चियांग माई जवळपास ७५० किलोमीटर, विमानानं नको जाऊस, रात्रीच्या स्लीपर ट्रेननं जा. नऊ नंबरच्या एक्सप्रेसला बायका आणि लहान मुलांसाठी वेगळा डबा असतो, बुक करतानाच तो निवड, आईला ही एक गोष्ट सांगितलीस तर अर्धं काम होईल. शनिवारची गाडी घे, रविवारी सकाळी पोचशील, सामान हॉस्टेलवर टाकून झोप काढ, कारण रविवारी संध्याकाळी जुन्या शहरात थापे गेटपासून मोठा रस्ता गाड्यांना बंद होतो आणि रात्रीपर्यंत बाजार भरतो, देवळांच्या अंगणातसुद्धा खायच्या गाड्या लागतात. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घालून निघ म्हणजे देवळात आतही जाता येईल. आणि तिथून आईला व्हिडिओ कॉल लाव, गर्दीत तुझ्यासारख्या एकट्या मुली किती आहेत ते तिला दिसू दे.