हाडाला हाड घासतंय, मग चालू की नको?

अस्थिरोगतज्ज्ञांकडून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. “हाडाला हाड घासतंय म्हणाले. आता चालेन तेवढं झिजतच जाणार ना?” मोठेपणी तळव्याची कमान हळूहळू बसत गेलेली ही मंडळी, बहुतेक पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या बायका. इतक्यांदा ऐकलं की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

त्यातल्या एक शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आधी त्यांना घोट्याच्या आतल्या बाजूला दुखायचं, कमान उचलून धरणारा टेंडन तिथूनच जातो. मग ते दुखणं ओसरलं आणि त्या खूश झाल्या. पण काही महिन्यांत बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या पुढच्या खळगीत कळ यायला लागली. झोपवून काढलेल्या एक्सरेत विशेष काही दिसेना, तेव्हा घरच्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हणून विषय संपवला. उभ्याने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये मात्र कारण सापडलं. टाच बाहेर कलली होती आणि वजन पडलं की घोट्याचं हाड त्या खळगीत टाचेच्या हाडावर दाबलं जात होतं. कल आणखी वाढला तर टाचेचं हाड पायाच्या बाहेरच्या बारीक हाडालाही टेकतं. आडव्या पायावर भारच नसतो, मग दिसणार कसं?

दुखणं खरं ठरलं, याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी चालणंच सोडलं.

“दिवसभरात किती चालता?”

“अगदी नाइलाजाने. जेवढं घासेल तेवढा पाय लवकर जाणार.”

“हे डॉक्टर म्हणाले?”

“नाही, ते घासतंय एवढंच म्हणाले.”

“मग पुढचं कोण म्हणालं?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, “मीच.”

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या परंपरेतली. घटनेपेक्षा तिला आपण जोडलेलं वाक्य माणसाला जास्त खचवतं, यावर माझा विश्वास आहे. पण ते वाक्य खोडायची मी घाई करत नाही. त्यांना सँडल काढायला सांगितली आणि दोघींच्या मध्ये उलटी ठेवली. टाचेची आतली कड पार गेली होती, बाहेरची जवळजवळ नवी.

“झीज आतून, आणि दुखतं बाहेर. असं का असेल?”

त्या सँडलकडे बघत राहिल्या. “बिजागरी ढिली झाली की दार खाली बसतं आणि चौकटीला घासतं, तसं? मग दार बंदच करून ठेवायचं कशाला? आधी बिजागरीचं बघायला हवं.”

हे मी ऐकवलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा पलंग धरला असता. प्रश्न नेमका कुठे ठेवायचा, एवढंच आमचं कौशल्य. त्या दिवशी ते जमलं.

खोटा दिलासा मात्र देऊ नये. दार वर्षानुवर्षं घासलं तर कड झिजतेच. सांधाही बिघडू शकतो. म्हणून ‘चालू की नको’ यापेक्षा ‘टाच सरळ धरून, एका वेळी किती चालू’ हे विचारा. पाय अजून लवचीक असेल तर कमानीला आधार देणारा इनसोल, घोट्याचा ब्रेस, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम आणि आटोक्यातलं वजन यांनी दाब कमी होऊ शकतो. बसलेली कमान त्यांनी पुन्हा उभी राहत नाही, हेही स्वीकारावं लागतं. पाय ताठर होत चालला, बाहेरची कळ वाढत गेली, तर शस्त्रक्रियेबद्दल लवकर बोलावं. कधी टाचेचं हाड कापून आत सरकवतात, कधी सांधे जोडून टाकतात. नंतर काही आठवडे पायावर भार द्यायचा नसतो आणि पुरतं सावरायला महिने जातात, तेव्हा घरातल्यांना आधीच सोबत घ्या.

बाईंचा दुसरा अट्टहास जास्त चिवट निघाला: “चालेन तर पूर्वीसारखीच!” त्यावर पुढच्या कितीतरी भेटी खर्ची पडल्या. आता त्या ब्रेस घालून चालतात, मध्ये बसतात, वर्गात खुर्ची मागून घेतात. शस्त्रक्रियेचं ठरलेलं नाही. सर्जनना विचारायच्या प्रश्नांची यादी त्यांनी स्वतःच केली आहे. पहिला प्रश्न: “माझा पाय अजून लवचीक आहे का?”