वाचकांचे प्रश्न : खिशात मावणारा कॅमेरा निवडताना

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. नातीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मोबाइलवर काढलेली छायाचित्रे दरवर्षी फिसकटलेली येतात. पावसाळ्याच्या अखेरीस कासच्या पठारावर जाते, तेव्हा तिथली बारीक फुलेही मनासारखी टिपता येत नाहीत. लेन्स बदलण्याचा मोठा कॅमेरा आता मला पेलणार नाही. पॅनासॉनिकचा लुमिक्स टीझेड ९५ आणि कॅननचा पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३ असे दोन छोटे कॅमेरे मनात आहेत. पहिल्याला तीसपट झूम आहे आणि दुसऱ्याला जेमतेम चौपट, तरीही जाणकार दुसऱ्याला वरचढ मानतात, ते का? मी कोणता घ्यावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही कॅमेऱ्यांत सुमारे २० मेगापिक्सेल असल्यामुळे त्या आकड्यावरून निवड करता येणार नाही. खरा फरक आहे तो प्रकाश ज्यावर पडून चित्र उमटते, त्या सेन्सरच्या आकारात. टीझेड ९५ चा सेन्सर साधारण ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच आहे, तर जी७ एक्सचा १३.२ मिलिमीटर रुंद आणि ८.८ मिलिमीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट, आणि म्हणून तो एकूण प्रकाशही अधिक गोळा करतो. (या मोठ्या सेन्सरला ‘एक इंची’ म्हणतात, पण त्याची कोणतीही बाजू एक इंच नसते, जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या व्यासावरून मोजण्याची ती पद्धत आजवर चालत आली आहे.)

दुसरा फरक लेन्सच्या उघडण्याचा आहे. ‘एफ’पुढील आकडा जितका लहान, तितका अधिक प्रकाश आत येतो. जी७ एक्सचा झूम पूर्ण लांबवला तरी लेन्स एफ/२.८ पर्यंत उघडी राहते. टीझेड ९५ चा झूम पूर्ण लांबवला की ती एफ/६.४ वर येते, म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर पाचव्या हिश्शाहून कमी प्रकाश पोहोचतो. भर दुपारी मैदानावर हा तोटा जाणवणार नाही, पण शाळेच्या सभागृहात तोच चित्र बिघडवतो. नाचणाऱ्या मुलाची हालचाल स्पष्ट टिपायची, तर शटर (प्रकाश आत सोडणारी झडप) सेकंदाचा सुमारे अडीचशेवा भागच उघडे राहायला हवे. प्रकाश कमी असेल तर कॅमेरा शटर अधिक वेळ उघडे ठेवतो आणि चित्र फिसकटते, किंवा आयएसओ, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता, वाढवतो आणि चित्रावर रवाळ ठिपके येतात. जाहिरातींत ज्याचा फार गवगवा होतो, ते ‘इमेज स्टॅबिलायझेशन’ आपल्या हाताचा कंप सावरते, मुलीची हालचाल थांबवू शकत नाही. छोट्या कॅमेऱ्यातील फ्लॅशही काही मीटरच पोहोचतो. दहाव्या रांगेतून तो फक्त पुढच्या प्रेक्षकांची डोकी उजळवील, म्हणून तो बंदच ठेवावा.

आता झूमची शंका. रंगमंच आपल्यापासून १५ मीटरवर आहे असे धरू. जी७ एक्सचा झूम पूर्ण लांबवल्यावर चौकटीत साधारण साडेपाच मीटर रुंदीचे आणि साडेतीन मीटर उंचीचे दृश्य येते. नातीची उंची सव्वा मीटर असेल, तर ती चौकटीच्या एक तृतीयांश उंचीएवढी दिसेल. हे कमी वाटते खरे, पण या चित्राची मापे ५४७२ गुणिले ३६४८ पिक्सेल आहेत. त्यातून नातीपुरता भाग कापून घेतला तरी सहा बाय चार इंचांची स्वच्छ प्रत निघते. शक्य असल्यास चार-पाच रांगा पुढे बसावे. कोणत्याही झूमपेक्षा त्याचा लाभ मोठा आहे.

कासच्या फुलांसाठी दोन्ही कॅमेरे चालतील, कारण झूम आखूड ठेवून दोघांनाही काही सेंटिमीटरवर नेता येते. ‘सीतेची आसवे’ नावाच्या फुलांसारखी इवली फुले टिपण्यासाठी कॅमेरा खाली न्यावा लागतो. तिथे दोन्ही कॅमेऱ्यांचा वर उचलता येणारा पडदा आपल्या गुडघ्यांचे श्रम वाचवील आणि वाट सोडून फुलांवर पाय ठेवण्याची वेळही येणार नाही. जी७ एक्सची उणीव अशी की त्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहण्याची खिडकी, नाही, त्यामुळे कडक उन्हात पडद्यावरचे नीट दिसत नाही. टीझेड ९५ ला ती छोटीशी का होईना, आहे. आपण दूरचे पक्षी टिपायचे म्हटले असते, तर मी नि:संकोच टीझेड ९५ सुचवला असता. आपली गरज सभागृहाची आहे, म्हणून जी७ एक्स मार्क ३ घ्यावा. भारतातील अधिकृत हमीपत्र आणि पक्के बिल मागून घ्यावे. परदेशातून परस्पर आणलेल्या कॅमेऱ्याची हमी इथे चालेलच असे नाही.

प्रश्न : जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या चित्रांतील रंग मला आवडतात. वापरलेला कॅमेरा घेताना काय पाहावे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आधी चित्रे साठवणारे कार्ड पाहावे. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड, तर सोनीच्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक लागते, आणि आता ही दोन्ही नवी मिळणे अवघड झाले आहे. एसडी कार्डाचा कॅमेरा असला तरी फार जुना नमुना केवळ दोन जीबीपर्यंतचेच कार्ड ओळखतो, म्हणून कार्ड घालून आणि एक चित्र काढूनच व्यवहार करावा. बॅटरी फुगलेली असेल तर कॅमेऱ्याला हातही लावू नये. पेन्सिल सेलवर चालणारा नमुना मिळाला तर तो आधी विचारात घ्यावा, कारण ते सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. शेवटी झूम दोनतीनदा पूर्ण पुढे-मागे करावा, लेन्स अडखळते का ते ऐकावे, आणि पांढऱ्या भिंतीचे चित्र काढून ते मोठे करून पाहावे. एकच काळा डाग प्रत्येक चित्रात त्याच जागी दिसला, तर धूळ आत गेलेली आहे, आणि ती काढण्याचा खर्च बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीहून अधिक येतो.