कबड्डीच्या पोरांचा खाऊ: पहिल्यांदा जबाबदारी घेताय तर

आधी यादी करा, बाजारात मग जा. प्रत्येक पालकाला तीन प्रश्न विचारा: कशाची ॲलर्जी आहे? घरी काय वर्ज्य आहे? सामन्याच्या दिवशी उपास आहे का? 'सगळं खातो' एवढ्यावर थांबू नका. शेंगदाणे, काजू, दूध, गहू अशी नावं घेऊन विचारा.

१५ मुलांसाठी सुरुवातीला एवढं पुरे:
- वेलची केळी ३ डझन, प्रत्येकी दोन. जैन, उपासवाली, दूध न चालणारी, बहुतेक सगळीच खातात.
- कोकम सरबत ३ लिटर: अर्धा लिटर अमृत कोकम (साखरेच्या पाकातलं कोकम), अडीच लिटर पाणी, चिमूटभर मीठ. आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा, मीठ घातलेला रस) आणलंत तर ते आधीच खारट असतं, वर मीठ नको.
- साध्या कुरमुऱ्यांचा बंद पुडा.

नवख्यांची चूक ठरलेली: संकष्टी म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं मूल विसरलं जातं. कूट काढलं तरी फोडणी शेंगतेलाची असू शकते. चिक्कीचा चुरा डब्यातून डब्यात जातो, म्हणून ॲलर्जीच्या मुलाचा डबा वेगळा, नाव लिहून, आणि वाटप त्याच्यापासून सुरू करा. गहू न चालणाऱ्यासाठी पोहे करताना हिंग तपासा. डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. ओलं खोबरं पेरलेले पोहे आपल्या दमट हवेत दुपारपर्यंत आंबतात, खोबरं टाळाच. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन (प्राण्यांपासून काढलेलं) असू शकतं, शाकाहारी मुलांसाठी पाकीट वाचा.

घरगुती लाडू-वड्यांचं पुढच्या मोसमात बघू.