डोळ्याचे ड्रॉप, कल्चर आणि मनाने केलेले उपचार : तुमचे प्रश्न

त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतायत, म्हणून एकदाच लिहितो.

डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं बघितलं तर आपलेही येतात का?
नाही. हात, टॉवेल, उशी यातून येतात.

मागच्या वर्षीची अर्धी बाटली उरलीय, चालेल?
फेकून द्या. बहुतेक ड्रॉप उघडल्यावर 4 आठवडेच वापरायचे असतात, आणि मुळात डोळे व्हायरसने आले असतील तर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही.

लेन्स वापरते. डोळा लाल आहे, खूप दुखतोय, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय. मेडिकलमधून ड्रॉप आणले, लाली कमी झाली. तरी डॉक्टर कल्चर करू म्हणतायत. गरज आहे का?
आहे! कल्चर म्हणजे जखमेतला नमुना प्लेटवर ठेवून कुठला जंतू उगवतो ते बघणं. आणि लाली कमी झाली म्हणून खूश होऊ नका, आधी बाटलीवर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. ते स्टेरॉइड. अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत घालून विकतात, डोळा लवकर पांढराशुभ्र दिसायला लागतो, गिऱ्हाईक खूश, आणि आत जंतू आरामात बुबुळ पोखरत असतात. लेन्सवाल्यांमध्ये स्यूडोमोनास नावाचा जंतू बऱ्याचदा सापडतो, तो एक-दोन दिवसात बुबुळाला भोक पाडू शकतो. त्यावर क्लोरॅम्फेनिकॉल हे ड्रॉपमधलं नेहमीचं अँटिबायोटिक सहसा चालतच नाही, आणि बुरशी असेल तर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. मग अंदाजाने काय टाकणार? डोळा बधिर करून जखमेच्या कडेचं जरासं खरवडून घेतात, स्लाइड त्याच दिवशी बघता येते, कल्चरला दोनेक दिवस लागतात. पण आधीच ड्रॉप टाकून आलात की बऱ्याचदा प्लेटवर काही उगवतच नाही आणि आम्ही तपासणारे अंधारात. लेन्स काढा, ती, तिची डबी आणि ड्रॉपची बाटली घेऊन आजच जा. सोमवारी बघू असं नको, फूल पडलं तर नजर पूर्वीसारखी होईलच असं नाही.

कल्चरच्या रिपोर्टमध्ये मॉक्सीफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकपुढे 'आर' आहे, पण त्याच ड्रॉपने बरं वाटतंय. रिपोर्ट चुकलाय?
चुकलाच असं नाही. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही, पण ते ठरतं साधारण रक्तात औषध किती पोचतं त्यावर, आणि ड्रॉपने डोळ्याच्या वरच्या थरात त्याच्या कितीतरी पट जास्त औषध जातं. उलटंही होतं, 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडायला हवं) असून गुण येत नाही. डोळा बघून डॉक्टर ठरवतील, रिपोर्ट वाचून तुम्ही औषध बदलू नका.

बाळ 5 दिवसांचं आहे, डोळ्यातून पू येतोय. आईचं दूध घालायला सांगतायत.
घालू नका. आत्ता, याच क्षणी दवाखान्यात न्या.