तेमुजिनने, म्हणजे पुढच्या चंगीज खानाने, मंगोल टोळ्या फक्त तलवारीच्या जोरावर एकत्र केल्या का?

नाही. हेच उत्तर एकदा तोंडी परीक्षेत दिलं होतं, गुण गेले.

एम.ए.चं दुसरं वर्ष. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जवळपास हाच प्रश्न टाकला. मी म्हटलं, "सर, सुरुवात एका डगल्यापासून झाली." त्यांनी बशीत कप ठेवला आणि हसले. आमचे सरही हसले, ते जास्त लागलं. "कपड्यांनी राज्यं उभी राहत नाहीत. पुढचा प्रश्न."

अहो, पण ऐकून तरी घ्या! तेमुजिनची बायको बोर्ते, तिच्या माहेरून सासूसाठी काळ्या सेबलचा, म्हणजे महागड्या फरचा, डगला आला होता. घरात खायची मारामार, तरी तेमुजिनने तो नेऊन केराइत टोळीच्या प्रमुखाला, तोघरुलला दिला. तोघरुल म्हणजे मेलेल्या बापाचा 'अंदा', मानलेला भाऊ. डगला अंगावर पडताच त्याने तुझी पांगलेली माणसं गोळा करून देतो असा शब्द दिला. पुढे मेर्किट टोळीने बोर्तेला पळवलं, तेव्हा तो फौज घेऊन आला. सोबत जमुखा, तेमुजिनचा स्वतःचा अंदा. पुढे दोघेही उलटले, ती गोष्ट वेगळी.

तुमचा खरा प्रश्न, टोळ्या टिकल्या कशा? लुटीच्या वाटपामुळे. १२०२ मध्ये तातार टोळीवर जाताना हुकूम होता: जिंकेपर्यंत लुटीला हात लावायचा नाही, वाटणी नंतर. सख्खा चुलता दारिताई आणि आणखी दोन भाऊबंदांनी हात मारला. तेमुजिनने त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. नातेवाईक रुसून शत्रूला मिळाले, पण साध्या घोडेस्वाराला कळलं की इथे आपला वाटा बुडत नाही. १२०३ मध्ये केराइत हरले, तर तोघरुलची पुतणी सोर्खाख्तानी तेमुजिनच्या धाकट्या मुलाची, तोलुइची बायको झाली. १२०६ मध्ये ओनोन नदीकाठी कुरुलताई, म्हणजे सरदारांची सभा, भरली, तो चंगीज खान झाला आणि ९५ हजारी, म्हणजे हजार-हजार माणसांचे सरदार, नेमले. बऱ्याच टोळ्या फोडून माणसं वेगवेगळ्या हजारांत घातली. आता बंड करायचं कोणाला घेऊन?

हां, तलवार नव्हतीच असं नाही. हरलेल्या तातारांमध्ये गाडीच्या चाकाच्या खिळीपेक्षा उंच असलेले सगळे पुरुष कापायचं ठरलं होतं. शिवाय डगल्याची गोष्ट मंगोलांच्याच बखरीतली, म्हणजे जिंकणाऱ्यांची.

तरी तुमची परीक्षा असेल तर डगला लिहाच. परीक्षक हसले, तर आपल्याकडे दरबारात मानाची वस्त्रं कशासाठी देत, एवढं विचारा. मला ते जिना उतरताना सुचलं.